आठाची नको, सोळाची द्या

ऑगस्ट उलटला की आमच्या साताऱ्यातल्या डीटीपीच्या खोलीत पंखासुद्धा दबकून फिरतो. दिवाळी अंकांची पानं लागत असतात, तीन संपादकांचे फोन एकदम वाजत असतात आणि या सगळ्याच्या मधोमध काकू बसलेल्या असतात. काकू १९९८पासून मराठी टाइप करतायत. त्यांचं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक आहे, मुंबईचे प्रकाशकही फोनवर "काकू आहेत का?" असंच विचारतात. गेल्या वर्षी अशाच एका दुपारी काकूंनी कीबोर्डवरचे हात उचलले, मांडीवर ठेवले आणि म्हणाल्या, "दादा, हा मेला परत विचारात पडला. मी चहा टाकते."

'हा' म्हणजे टेबलाखालचा डेस्कटॉप. २०१० साली असेंबल करून घेतलेला. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, जी-४१ चिपसेटचा बोर्ड, एकेक जीबीच्या दोन रॅम आणि ३२ बिटची विंडोज ७. दीडशे पानांची फाइल उघडली की आतली हार्ड डिस्क चणे भाजल्यासारखी तडतडायची. एका पानावरून पुढच्या पानावर जायला लागणाऱ्या वेळात काकूंचा अर्धा कप चहा संपायचा.

"नवा घ्या की," असं सांगणारे पुष्कळ भेटले. त्यांना मराठी डीटीपीचं दुखणं माहीत नसतं. आमच्याकडे वीस-बावीस वर्षांच्या फाइली आहेत आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या. त्या काळी प्रत्येक फॉन्ट कंपनीनं मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी आपापल्या मर्जीनं बसवली होती. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली तर कवितेच्या जागी इंग्रजी अक्षरं, टक्क्यांची चिन्हं आणि कंस यांची भेळ दिसते. फॉन्टचं सॉफ्टवेअर मागे डोंगल लावल्याशिवाय उघडत नाही. ते डोंगल, तो ड्रायव्हर आणि ती जुनी मांडणी, सगळं याच मशीनवर जुळलेलं. गावोगावच्या डीटीपीवाल्यांकडे जुनी मशीनं अजून टिकून आहेत ती कंजूषपणामुळे, असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

तेव्हा मशीन तेच ठेवायचं आणि रॅम वाढवायची, असं ठरलं. खरं दुखणं रॅमचंच आहे का, हे आधी पाहिलं. ते पाहणं सोपं असतं: नेहमीची सगळी कामं उघडून ठेवायची, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबायचं आणि मेमरीचा आलेख बघायचा. आमचा आलेख छताला टेकलेला होता. रॅम भरली की विंडोज उरलेला माल हार्ड डिस्कवर टाकते आणि लागेल तसा परत आणते. रॅममधून एखादी गोष्ट काढायला नॅनोसेकंद लागतात, फिरत्या डिस्कवरून काढायला मिलिसेकंद; म्हणजे लाखभर पटीचा फरक. ती तडतड याच ये-जाची होती. आलेख अर्ध्यावर असूनही मशीन हळू चालत असतं, तर मी रॅमला हात लावला नसता. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली असती. जुन्या मशीनला पुष्कळदा तोच उतारा पडतो आणि दुकानदार मात्र रॅम विकून मोकळा होतो.

मग मी एसटीनं पुण्याला गेलो. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत शिरलो, पहिल्याच दुकानात विचारलं, "डेस्कटॉपची डीडीआर थ्री, चार जीबी आहे का?" दुकानदारानं मागे न बघता ड्रॉवर ओढला. "डीडीआर थ्री आहे ना? मग बसणार साहेब. डोळे झाकून घेऊन जा." मी डोळे झाकून दोन स्टिक घेतल्या. तीन दिवसांची टेस्टिंग वॉरंटी.

बसल्या तर खऱ्याच. खाच जुळली, दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक्कन लागल्या. बटण दाबलं, पंखा फिरला, आणि डिस्प्ले येईना. नुसती लांब लांब बीप. काकूंनी ड्रॉवरमधून खोडरबर काढून दिला, कारण रॅमचे सोनेरी दात खोडरबरानं घासायचे हे डीटीपीच्या खोलीत सगळ्यांना माहीत असतं. घासले. स्लॉट बदलले. एकच लावून पाहिली. जुन्या एकेक जीबीच्या परत लावल्या की मशीन हसत सुरू. नव्या लावल्या की बीप. चौथा दिवस उजाडला आणि टेस्टिंग वॉरंटी संपली.

इथं थोडं मागे जायला हवं. रॅम हा शब्द आपण साखरेसारखा वापरतो, जणू कुठलीही घेतली तरी गोडच. या रॅमची, म्हणजे डीरॅमची, जात मुळात चंचल आहे. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली ज्या रचनेचं पेटंट मिळालं, तिच्यात एक बिट साठवायला एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर, एवढंच लागतं. पण तो कपॅसिटर गळका. त्यात भरलेला विद्युतभार झिरपून जातो, म्हणून प्रत्येक ओळ वाचून परत भरावी लागते. नेहमीच्या तापमानाला ६४ मिलिसेकंदांत एकदा तरी. फुटक्या रांजणात सतत पाणी ओतत राहण्याचा हा उद्योग मशीन चालू असेपर्यंत थांबत नाही. रांजण किती, कुठल्या ओळीत आणि कधी भरायचे, हे ज्याला ठाऊक असतं तो मेमरी कंट्रोलर. रॅम कुठली चालेल हे तोच ठरवतो. स्लॉटला त्यातलं काही कळत नाही.

स्लॉटची खाच फक्त पिढी ओळखते. पहिल्या डीडीआरला १८४ पिना आणि २.५ व्होल्ट. डीडीआर-२ला २४० पिना, १.८ व्होल्ट. डीडीआर-३लाही २४०च, पण १.५ व्होल्ट, आणि खाच थोडी सरकवलेली. नाहीतर लोकांनी एकमेकांत ठोकून बसवल्या असत्या. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ दोन्हींना २८८ पिना, अनुक्रमे १.२ आणि १.१ व्होल्ट, आणि खाच पुन्हा वेगळी. तेव्हा चुकीच्या पिढीची रॅम सहसा बसतच नाही. माझ्यासारखा माणूस फसतो तो बसणाऱ्या रॅमनं.

मी परत पुण्याला गेलो. दुकानदार म्हणाला, "तुमचा बोर्डच गेलाय." हे निदान मला पटलं नाही. गल्लीतल्या एकानं पाठीमागच्या जिन्यावर बोट दाखवलं: "वर मामांना दाखवा." मामा म्हणजे सत्तरीचे गृहस्थ, आधी रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, आता बोर्ड. डोळ्याला भिंग. त्यांनी माझी स्टिक हातात घेतली, स्टिकरकडे बघितलंही नाही, बोटानं काळे चौकोन मोजले. आठ. उलटवली. मागची बाजू कोरी.

"बोर्ड कुठला?"

"जी फॉर्टीवन."

"मग आठाची कशाला आणलीत? सोळाची आणायची."

तो सगळा हिशेब मामांनी पावतीपुस्तकाच्या मागे पेन्सिलीनं मांडून दाखवला. मी तो इथं उतरवतो आहे, कारण एवढ्या साध्या भाषेत तो मला कुठंच वाचायला मिळाला नव्हता. रॅम एका वेळी ६४ बिटांचा घास देते. एकेक चिप ८ बिट देते, म्हणून ८ चिपा मिळून एक फळी होते. तिला रँक म्हणतात. चार जीबीची स्टिक दोन तऱ्हांनी बनते. एक तर ४ गिगाबिटच्या ८ चिपा, म्हणजे ३२ गिगाबिट, म्हणजेच ४ जीबी. नाहीतर २ गिगाबिटच्या १६ चिपा, पुढं आठ, मागं आठ, बेरीज तीच. दुकानदाराच्या लेखी दोन्ही 'फोर जीबी डीडीआर थ्री'.

आता कंट्रोलर. २ गिगाबिटच्या चिपेत आठ बँका असतात, प्रत्येक बँकेत ३२,७६८ ओळी. यातली नेमकी ओळ सांगायला पत्त्याच्या १५ तारा पुरतात. ४ गिगाबिटच्या चिपेत ओळी दुप्पट, ६५,५३६. तिथं सोळावी तार लागते. जी-४१ची आखणी झाली तेव्हा २ गिगाबिटची चिप म्हणजे मोठी गोष्ट होती, म्हणून त्याला डीडीआर-३साठी ओळीच्या पत्त्याच्या पंधराच तारा दिलेल्या. "पंधरा मजल्यांची लिफ्ट आहे ही," मामा म्हणाले, "तुम्ही वरच्या मजल्यावर बिऱ्हाड ठेवलंत. बटणच नाही त्याला." काही बोर्ड अशा वेळी निम्मी रॅम दाखवून निभावतात, काही आमच्यासारखे सरळ संप करतात.

माझ्या बोर्डाच्या पुस्तिकेत 'कमाल ८ जीबी' असं ठळक छापलेलं होतं, स्लॉट दोन, म्हणजे चार-चारच्या दोन. गणित बरोबर होतं. पण त्या चार जीबी कुठल्या चिपांच्या, हे मागच्या पानांवरच्या तपासलेल्या रॅमच्या यादीतून ताडावं लागतं आणि ती यादी कोणी वाचत नाही. मीही नव्हती वाचली.

मग मामांनी स्टिकर वाचायला शिकवलं. त्यांच्या टेबलावरच्या एका जुन्या स्टिकवर लिहिलं होतं: ४ जीबी, २आर×८, पीसी३-१०६००यू-०९. मामा ते 'टू आर बाय एट' असं वाचतात. '२आर' म्हणजे दोन रँक. '×८' म्हणजे प्रत्येक चिप आठ बिट देणारी. दोन रँक गुणिले आठ, सोळा चिपा. माझ्या स्टिकवर '१आर×८' होतं. इतकं स्पष्ट लिहिलेलं मी चार दिवस हातात घेऊन फिरत होतो. 'पीसी३' म्हणजे डीडीआर-३. त्याच्या पुढं 'एल' असेल तर ती १.३५ व्होल्टवर चालणारी, आणि ती १.५ व्होल्टच्या जुन्या बोर्डातही चालते. उलट मात्र जपून: नंतरच्या काही बोर्डांना फक्त कमी व्होल्टचीच हवी असते. '१०६००' हा सेकंदाला किती मेगाबाइट वाहतील याचा आकडा. आठानं भागला की साधारण १३३३ हा नेहमीचा वेग मिळतो. वेगाची चिंता सगळ्यात कमी करावी. आमचा बोर्ड १०६६च्या पुढं जात नाही. १३३३ची किंवा १६००ची लावली तर ती निमूट खाली उतरते. १६००साठी जास्त पैसे मोजणं म्हणजे बैलगाडीला रेसचे टायर.

शेवटचं अक्षर मात्र फार महत्त्वाचं. 'यू' म्हणजे साध्या डेस्कटॉपची. 'आर' असेल तर ती सर्व्हरची, रजिस्टर असलेली. जुन्या सर्व्हरमधून निघालेल्या अशा स्टिका बाजारात ढिगानं आणि स्वस्तात मिळतात, डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये बसतात आणि डिस्प्ले देत नाहीत. ओळखायची खूण: चिपा आठच्या पटीत नसून नऊच्या पटीत असतात, कारण प्रत्येक आठ बिटांमागे चूक पकडायला एक जादा.

सोळाचा मंत्र मिळाल्यावर मी हुशार झालो, आणि तिथंच दुसऱ्यांदा फसणार होतो. मुंबईला दुसऱ्या कामासाठी गेलो असताना ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलो. एका फळीवर चार जीबीच्या डीडीआर-३, सोळा चिपांच्या, बाकीच्यांपेक्षा चांगल्याच स्वस्त. पुढं आठ, मागं आठ, मी स्वतः मोजल्या. पैसे काढणार तेवढ्यात सहज मामांना फोन लावला. "स्टिकरवर बाय एट आहे की बाय फोर?" स्टिकर पाहिला तर तिथं फक्त 'एएमडी'साठी असल्याची बारीक ओळ होती. मामा हसले. "ठेवा परत."

या रॅमचं प्रकरण असं. तिच्या चिपा आठऐवजी चार बिट देतात, म्हणून एका रँकलाच सोळा लागतात. तिच्यात ओळी वाढत नाहीत, पण स्तंभाचा पत्ता एका बिटानं लांब होतो. एएमडीच्या कंट्रोलरला तो वाचता येतो, इंटेलच्या डेस्कटॉपमधल्या कंट्रोलरला नाही. एएमडीचं मशीन असणाऱ्यानं ती खुशाल घ्यावी. आमच्यासारख्यांनी सोळा मोजून थांबू नये, 'बाय एट' वाचावं. स्टिकर खरवडलेला किंवा वरून दुसरा डकवलेला असेल तर चिपेवरचा नंबर भिंगानं पाहावा. सॅमसंगच्या डीडीआर-३ चिपेवर 'के४बी२जी' अशी सुरुवात असेल तर ती २ गिगाबिटची, 'के४बी४जी' असेल तर ४ची. पुढच्या आकड्यांत '०८' आलं की बाय एट, '०४' आलं की बाय फोर.

योग्य जोडी शेवटी मामांनीच एका ऑफिसातून निघालेल्या जुन्या मशिनांतून काढून दिली. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच नंबरच्या. एक जुनी, एक नवी अशी भेसळ चालत नाही असं नाही. बोर्ड दोघींतल्या मंद स्टिकच्या चालीनं चालतो. पण दोन सारख्या असल्या की कंट्रोलर दोन्हींकडे एकदम हात टाकतो, आणि आमच्यासारख्या वेगळं ग्राफिक कार्ड नसलेल्या मशीनला, जिथं पडद्याचं चित्रही याच रॅममधून जातं, तो फरक जाणवतो.

निघताना मामांनी विचारलं, "विंडोज बत्तीसची की चौसष्टची?" मी गप्प. ३२ बिटची साधी विंडोज ४ जीबीच्या पुढचं काही बघू शकत नाही, आणि त्या चारातलाही वरचा तुकडा ग्राफिक आणि इतर उपकरणांच्या पत्त्यांसाठी राखून ठेवते, म्हणून सव्वातीनच्या आसपास दाखवते. म्हणजे आठ जीबी लावून निम्म्याहून जास्त फुकट. तेव्हा चौसष्टची विंडोज टाकायची, पण मग डोंगलच्या ड्रायव्हरचं काय? काकूंनी लोखंडी कपाट उघडलं. ताटं-वाट्या ठेवावीत तशा सीड्या लावून ठेवलेल्या. त्यातली एक काढली. तिच्यात चौसष्ट बिटचा वेगळा फोल्डर निघाला. जुनी हार्ड डिस्क आम्ही हात न लावता बाजूला काढली आणि नव्या एसएसडीवर सगळं नव्यानं बसवलं. बिघडलं असतं तर दहा मिनिटांत जुना संसार परत आला असता. विंडोज ७ला जानेवारी २०२०पासून कंपनीकडून सुरक्षेची ठिगळं मिळत नाहीत, म्हणून या मशीनला इंटरनेटची वायर नाही. फाइली पेन ड्राइव्हवरून, त्याही दुसऱ्या मशीनवर तपासून.

ज्यांची मशीनं याहून नवी आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. मेमरी कंट्रोलर पूर्वी बोर्डावरच्या चिपसेटमध्ये असे. एएमडीनं २००३मध्ये अॅथलॉन-६४ आणला तेव्हा तो प्रोसेसरच्या पोटात घातला, इंटेलनं २००८च्या अखेरीस पहिल्या कोअर आय-७ पासून. म्हणून जुन्या मशीनची मर्यादा चिपसेटच्या नावानं शोधायची, नव्याची प्रोसेसरच्या आणि बोर्डाच्या, दोन्हींच्या. एच-६१सारख्या चिपसेटच्या बोर्डाला आठाची-सोळाची ही कटकट नाही. दोन स्लॉट, आठ-आठच्या दोन, सोळा जीबी. पण गोष्ट पुढच्या पिढीत पुन्हा येते. डीडीआर-४च्या ३२ जीबीच्या स्टिकमध्ये १६ गिगाबिटच्या चिपा असतात, आणि सहाव्या-सातव्या पिढीच्या इंटेल डेस्कटॉप प्रोसेसरची अधिकृत मर्यादा ६४ जीबी, म्हणजे चार स्लॉटांत सोळा-सोळा. सीपीयू-झेड नावाचं फुकट मिळणारं छोटं सॉफ्टवेअर चालवलं की बोर्ड, चिपसेट आणि बसलेल्या रॅमची सगळी कुंडली मशीन न उघडता दिसते. त्या पडद्याचा फोटो मोबाइलवर घेऊनच दुकानात जावं.

आणि घाई असेल तर जरा लवकर जावं. २०२५च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा घासच मोठा घेतला आणि भाव चढले. त्याच डिसेंबरात मायक्रॉननं क्रुशल या नावानं ग्राहकांना थेट रॅम विकण्याचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. आमच्यासारखे अनेकजण स्टिकवर तेच नाव शोधायचे. जुन्या ऑफिसांतून निघालेली मशीनं आता भंगारात जाण्याआधी रॅमसाठी उघडली जातात.

आमच्या मशीनवर रात्रभर रॅम तपासणारा मेमटेस्ट लावून ठेवला. सकाळी काकू आल्या तेव्हा पडद्यावर चुका शून्य. त्यांनी कॅबिनेटला हळद-कुंकू लावलं, १६० पानांची फाइल उघडली, शेवटच्या पानावर उडी मारली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता चहा कधी प्यायचा?"

त्या पहिल्या दोन, आठ चिपांच्या स्टिका दुकानदारानं काही परत घेतल्या नाहीत. आमच्या शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात एच-६१चा एक जुना पीसी आहे. मार्चपासून त्या त्याच्यात आहेत, आणि तिथं दोन्ही मिळून पूर्ण आठ जीबी दाखवतात.